रंगवलेले केस, खोबरेल तेल आणि २००३चा एक पेपर



गेल्या दोन लेखांत मी दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल लिहिलं. माझी पीएचडी त्याच विषयावर आहे, म्हणून मला त्यात रस. तुम्हाला किती होता ते तुम्हीच जाणे. घरातून मात्र एकच प्रतिक्रिया आली. आमच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, मेंढीचं झालं असेल तर आता जरा माझ्या केसांकडे बघा."

भाऊ-वहिनी निघोजे गावात राहतात. वहिनी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला जातात. वय अडतीस. चौतिसाव्या वर्षी केस पिकायला लागले तेव्हापासून दर महिन्याला कलप लावतात. आता वेणी बोटाएवढी झालीये, टोकं दुभंगलीत आणि कंगव्यात केसांचे तुकडे येतात. मुळासकट आलेला केस नाही, मधूनच तुटलेला तुकडा. पार्लरमध्ये त्यांना सांगितलं, "केस डॅमेज झालेत, चार सिटिंगचं रिपेअर पॅकेज घ्या." किंमत ऐकून त्या तशाच घरी आल्या. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक रील दिसलं: खोबरेल तेल रंगवलेले केस दुरुस्त करतं, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध केलंय. आता पॅकेज घ्यायचं की तेलाची बाटली?

मी म्हटलं, रील कशाच्या जोरावर बोलतंय ते आधी वाचू. केस आणि खोबरेल तेल या विषयावर "विज्ञान सांगतं" असं कुठेही वाचलंत आणि त्याचा माग काढत गेलात, तर बहुतेक वेळा एकाच पेपरपाशी पोचता. आज त्याच पेपरची चिकित्सा करू. तो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि वहिनींच्या प्रश्नाला पुरतो का?

आधी केस म्हणजे काय ते

लोकर काय, नख काय, केस काय, सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. डोक्याच्या त्वचेतून बाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्यात पेशींचं काम चालू नसतं, रक्त पोचत नाही. बोट कापलं तर भरून येतं. केस चिरला तर चिरलेलाच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे "रिपेअर" हा शब्द येईल तेव्हा लागेल.

केसाच्या बाहेरून खवल्यांचं आवरण असतं, घराच्या कौलांसारखं एकावर एक बसवलेलं. त्याला क्युटिकल म्हणतात. आत कॉर्टेक्स असतो. केसाची ताकद मुख्यतः या आतल्या भागात असते आणि ती बऱ्याच अंशी गंधकाच्या जोड-बंधांवर उभी असते. कौलांच्या वर एका चरबीयुक्त आम्लाचा अतिशय पातळ थर असतो. तो पाण्याला आत येऊ देत नाही, म्हणून कोऱ्या केसावरून पाणी घरंगळतं.

कायमस्वरूपी कलप काम करतो तो असा. अमोनिया किंवा तत्सम अल्कली केस फुगवते आणि कौलं उचलते. रंगाचे छोटे रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना आतच एकमेकांशी जोडून मोठं करतं. मोठे झालेले रेणू आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. पण पेरॉक्साइड काही फक्त रंगालाच हात लावून थांबत नाही. वरचा चरबीचा थर निघून जातो आणि आतले गंधकाचे बंधही तुटतात. क्लॅरेन्स रॉबिन्स यांचं केसांच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आमच्या क्षेत्रात प्रमाण मानलं जातं. त्यांच्या मते नेहमीच्या ब्लीचिंगमध्ये १५ ते २५ टक्के गंधक-बंध जातात, आणि फार कडक ब्लीचिंग केलं तर ४५ टक्क्यांपर्यंत. पांढरा केस काळा करताना ब्लीचिंगइतका मारा होत नाही, पण नुकसानीची दिशा तीच.

चरबीचा थर गेला की केस पाणी जास्त पितो. साधा केससुद्धा ओला झाल्यावर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी घेतो आणि जाडीने सुमारे १५ टक्के फुगतो. धुताना फुगणं, वाळताना आकसणं, दर वेळी हेच. फुगलेल्या केसाची कौलं उचललेली असतात. त्यातून कंगवा फिरला की कौलांचे तुकडे पडतात. रोज थोडे थोडे. एक दिवस आतला कॉर्टेक्स उघडा पडतो आणि केस तिथेच तुटतो. वहिनींच्या कंगव्यात दिसतात ते तुकडे या गोष्टीचा शेवट आहेत. सुरुवात कितीतरी आधी झालेली असते.

पेपर काय म्हणतो

आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा हा पेपर २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये आला. त्यांनी तीन तेलं घेतली: खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल. मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं, बिनवासाचं, हलकं तेल. केसांच्या बटा घेतल्या, काही चांगल्या, काही मुद्दाम खराब केलेल्या. खराब केलेल्यांत ब्लीच केलेले केसही होते, आणि आपल्या कामाचा भाग तोच. तेल धुण्याआधी लावून आणि धुतल्यानंतर लावून पाहिलं. मग केसातून किती प्रथिन बाहेर पडतं ते मोजलं.

निष्कर्ष अगदी स्पष्ट होता. खोबरेल तेलाने प्रथिनाची गळती लक्षणीय कमी झाली, चांगल्या केसांत आणि खराब केसांतही. सूर्यफूल आणि मिनरल ऑइलने काहीच फरक पडला नाही.

असं का व्हावं? खोबरेल तेलात लॉरिक आम्ल सगळ्यात जास्त. त्याची साखळी आखूड आणि सरळ असते, आणि प्रथिनाशी तिचं जमतं. त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरू शकतं. सूर्यफुलाच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लाची साखळी दुहेरी बंधांमुळे वाकडी असते, ती आत मावत नाही. मिनरल ऑइलला प्रथिनाचं आकर्षणच नसतं. तेल आत बसलं की पाण्याला जागा कमी, केस कमी फुगतो, कौलं कमी उचलतात.

मला काय पटलं

पहिली गोष्ट, यात "तेल आत जातं" हे नुसतं म्हटलेलं नाही. याच दोघांनी प्रिन्स्टनच्या एका संशोधन संस्थेतल्या रूट्श आणि कामत यांच्याबरोबर २००१ साली वेगळा पेपर लिहिला होता. त्यात वस्तुमान वर्णपटाच्या तंत्राने केसाचा आडवा छेद तपासला. खोबरेल तेल आत सापडलं, मिनरल ऑइल नाही. कारण एका पेपरात आणि परिणाम दुसऱ्यात, आणि दोन्ही एकमेकांना धरून आहेत. आमच्याकडे याला वजन असतं.

दुसरी गोष्ट, दावा मर्यादित आहे. पेपर म्हणतो, गळती कमी होते. केस वाढतात, दाट होतात, पांढरे होणं थांबतं, यातलं काहीही त्यात नाही. ते सगळं नंतर रीलवाल्यांनी भरलं.

तिसरी गोष्ट अशी की प्रश्न आपल्या घरातला आहे. आंघोळीच्या आधी तेल लावणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. परदेशी सल्ल्यांत तेल बहुधा धुतल्यानंतर चमक यावी म्हणून लावायला सांगतात. आजीची पद्धत प्रयोगशाळेत नेऊन तपासणं हे चांगलं विज्ञान आहे, आणि आजी या बाबतीत बरोबर निघाली.

आता जे खटकतं ते

पेपर वाचताना मी आधी लेखकांच्या नावाखालचा पत्ता वाचते. तुम्हीही वाचत जा. इथे पत्ता आहे मॅरिको इंडस्ट्रीज, मुंबई, संशोधन आणि विकास विभाग. मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले. खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेने खोबरेल तेल सरस असल्याचं दाखवलं.

म्हणून पेपर खोटा ठरतो का? नाही. पत्ता लपवलेला नाही, पद्धत दिलेली आहे, कोणीही पुन्हा करून बघू शकतो. पण पैसे देणारा माणूस उत्तर बदलत नसला तरी प्रश्न निवडतो. स्पर्धेत कोण उभं केलं ते बघा. मिनरल ऑइल, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच हलक्या, न चिकटणाऱ्या केशतेलांचा पाया, आणि सूर्यफूल. तिळाचं तेल नाही, एरंडेल नाही, मोहरीचं नाही. या पेपरवरून "खोबरेल हे मिनरल ऑइल आणि सूर्यफूल तेलापेक्षा चांगलं" एवढंच म्हणता येतं. "सगळ्या तेलांत चांगलं" असं म्हणता येत नाही, कारण सगळी तेलं शर्यतीत नव्हतीच.

दुसरी अडचण, हे प्रयोग कापलेल्या बटांवर आहेत. बट घाम गाळत नाही. तिला हेल्मेट घालावं लागत नाही. वहिनींची फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा त्या पहाटे साडेचारला डोक्यावरून आंघोळ करतात, ओल्या केसांचा आंबाडा घट्ट बांधतात, वर कंपनीची टोपी घालतात आणि बस पकडतात. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो, आणि रंगवलेला ओला केस त्याहून. आठ तास ताणलेल्या ओल्या आंबाड्याचा प्रयोग मला तरी कुठे वाचायला मिळाला नाही.

तिसरी अडचण, प्रथिन किती गेलं हे मोजणं आणि केस किती तुटले हे मोजणं, या दोन गोष्टी एकच नाहीत. कौलांचा चुरा कमी झाला तर पुढे तुटणंही कमी व्हावं, हा अंदाज वाजवी आहे. मी स्वतः लोकरीबाबत असाच अंदाज करते. पण तो अंदाजच.

आणि चौथी गोष्ट, त्यात "दुरुस्ती" कुठेही नाही. गळती थांबवणं म्हणजे छत दुरुस्त करणं नव्हे. ते खाली बादली ठेवण्यापेक्षा बरं, एवढंच. तुटलेले गंधक-बंध खोबरेल तेल जोडत नाही. रीलमधला "दुरुस्त करतं" हा शब्द पेपरातून आलेला नाही.

तीच चाळणी दुसऱ्या दाव्यांना

खोबरेल तेलाला चाळणी लावली तशी इतरांनाही लावायला हवी, नाहीतर अन्याय होईल.

"अमोनिया-फ्री" घ्या. पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हेच असतं. अमोनिया काढला तरी कौलं उचलायला अल्कली लागतेच. बहुतेक वेळा त्या जागी मोनोइथेनॉलअमाइन येतं. त्याचा वास फारसा येत नाही, त्यामुळे नाकाला सुखद. २०१४ साली याच जर्नलमध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना केली. वापरलेल्या प्रत्येक पद्धतीत मोनोइथेनॉलअमाइनचं नुकसान जास्त दिसलं. सगळ्यात टोकाच्या नमुन्यात ते ८५ टक्क्यांपर्यंत जास्त होतं. इथेही टोकाचा आकडा तेवढा उचलून घाबरवू नका. त्यांनी मुद्दाम जास्तीत जास्त प्रमाणं तपासली होती. पण वास नाही म्हणजे इजा नाही, हे समीकरण मात्र टिकत नाही.

पाण्याचं घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. केस गळाले की गावात पहिलं नाव पाण्याचं येतं. यावर 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी' या एकाच नियतकालिकात दोन पेपर आहेत. २०१३ चा दक्षिण भारतातला, १५ जणींच्या केसांवर: जड पाण्याने केसाच्या ताकदीत लक्षणीय फरक नाही. २०१८ चा पाकिस्तानातला, ७० पुरुषांच्या केसांवर: ताकद कमी होते. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं. दोन्हींचा विषय रंगवलेले केस हा नव्हता. आणि खरा धोका तिथेच असू शकतो, कारण पेरॉक्साइडने पोळलेल्या केसावर ऋण भाराच्या जागा वाढतात आणि पाण्यातले कॅल्शियम, तांबं यांसारखे धातू तिथे जास्त चिकटतात. थोडंसं तांबंसुद्धा पुढच्या वेळच्या पेरॉक्साइडचा मारा वाढवू शकतं. पण म्हणून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार विकत आणून केसांवर ओता, असं मी वहिनींना सांगणार नाही. एवढ्या पुराव्यावर एवढा खर्च बसत नाही.

आणि "रिपेअर पॅकेज"? कंडिशनर किंवा क्रीममधले धन भाराचे रेणू केसावरच्या ऋण भाराच्या जागी बसतात. केस गुळगुळीत लागतो, कंगवा अडकत नाही, त्यामुळे तुटणं खरंच कमी होतं. ही कामाची गोष्ट आहे, पण ती काही धुण्यांनंतर उतरते. तेच काम रोजच्या वापराचा साधा कंडिशनर करतो. चार सिटिंगची गरज मला कुठल्या पेपरात सापडली नाही.

मग ताकद ठरते कुठे?

हे सगळे दावे रंग लावून झाल्यानंतरचे आहेत. विकायला नंतरचंच सोपं असतं. पण नुकसान होतं ते रंग लावण्याच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात. तेव्हा काय करायचं, हे फुकट सांगता येतं, म्हणून बहुधा कोणी सांगत नाही.

एक छोटा हिशोब करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. वहिनींचे केस सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. म्हणजे टोकाचा केस तीन वर्षांहून जुना. वहिनी दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत कलप लावत होत्या, "सगळीकडे सारखा बसावा" म्हणून. म्हणजे त्या टोकाने छत्तीसच्या आसपास वेळा पेरॉक्साइड सोसलंय. फक्त नव्याने वाढलेल्या मुळांना लावला असता तर केसाच्या प्रत्येक भागाला तो एकदाच लागला असता. छत्तीस आणि एक! कुठलंही तेल किंवा पॅकेज हा फरक भरून काढणार नाही.

बाकीचं थोडक्यात:

– डेव्हलपरवर टक्के लिहिलेले असतात. ६ टक्के म्हणजे २० व्हॉल्यूम, १२ टक्के म्हणजे ४० व्हॉल्यूम. पांढरे केस काळे करायला ४० व्हॉल्यूम लागत नाही. पार्लरमध्ये विचारा, तो तुमचा हक्क आहे.

– पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ ठेवू नका. जास्त ठेवलं म्हणून चांगला बसत नाही.

– धुण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान काही तास आधी खोबरेल तेल लावा. पेपर जिथपर्यंत जातो तिथपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवा.

– ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालू नका. कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर या.

– पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्यांनी केस आदल्या संध्याकाळी धुवावेत. ओला आंबाडा नको.

– दुभंगलेली टोकं कापा. ती जोडली जात नाहीत.

बारीक अक्षरं

इथे हा लेख संपायला हवा होता. हे सगळं मी एका रविवारी वहिनींना सांगितलं. केराटिन, कौलं, छत्तीसचा हिशोब, सगळं. तासभर तरी बोलले असेन. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि ताई, कलप लावला की कानामागे आणि कपाळावर दोन दिवस खाज सुटते, थोडं सुजतं. ते चालतंच ना? सगळ्यांनाच होत असेल."

मी गप्पच झाले. एक तास मी केसाबद्दल बोलत होते आणि केसाखालच्या त्वचेबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

ते चालत नाही, मंडळी. काळ्या कलपात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन, असतं. काही जणांच्या शरीराला त्याची ॲलर्जी होते. ती पहिल्याच वेळी होईल असं नाही. वर्षानुवर्षं लावल्यावर एक दिवस सुरू होते आणि एकदा सुरू झाली की सहसा जात नाही, पुढच्या प्रत्येक वेळी वाढू शकते. आज खाज आहे, उद्या डोळे मिटतील इतकी सूज येऊ शकते.

आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत यासाठी सक्तीची सूचना आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा तयार कलप लावायचा, २४ तास थांबायचं, खाज-सूज नसेल तरच डोक्याला लावायचा. आणि हे प्रत्येक वेळी, फक्त पहिल्या वेळी नाही. भुवयांना आणि पापण्यांना तर मुळीच लावायचा नाही, अंधत्व येऊ शकतं, इतक्या स्पष्ट शब्दांत ते आहे. ही सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही हवी असा नियम आहे. वहिनींची पुडी मी उलटसुलट करून पाहिली. "नैसर्गिक चमक" अंगठ्याएवढ्या अक्षरांत. सूचना घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत. नियम पाळला, पण वाचायची सोय नाही.

केशरंगाच्या धंद्यात हे पहिल्यापासून आहे. पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कंपनी काढली तेव्हा तिच्या लांबलचक फ्रेंच नावाचा अर्थच "केसांसाठी निरुपद्रवी रंग बनवणारी फ्रेंच कंपनी" असा होता. तीच पुढे लोरिआल झाली, आणि आज तिचा एक कारखाना आमच्या शेजारी, म्हाळुंग्याच्या हद्दीत, चाकण-तळेगाव रस्त्यावर आहे. (वहिनींची पुडी त्यांची नव्हती, उगाच गैरसमज नको.) सांगायचं एवढंच की "निरुपद्रवी" हे विशेषण या धंद्यात ११० वर्षांहून जुनं आहे, आणि त्याची शहानिशा करायचं काम आजही लावणाऱ्याच्या कानामागे होतं.

मी केलेली चूक माझ्या क्षेत्राचीही आहे. केसाची ताकद यंत्रावर मोजता येते, म्हणून त्यावर भरपूर पेपर निघतात. जो विकतो तो "मजबूत केस" विकतो, म्हणून त्यासाठी पैसेही मिळतात. आम्ही वाचणारे मग तोच प्रश्न खरा मानून चालतो. दर महिन्याला पुडीतला कलप लावणारी, बोअरच्या पाण्याने धुणारी, ओल्या केसांवर टोपी घालून शिफ्टला जाणारी बाई कुठल्याच प्रयोगात नसते. रेळे आणि मोहिले यांचा पेपर चांगला आहे आणि मी तो पुन्हा पुन्हा सुचवीन. पण तो एका बटेबद्दल आहे, बाईबद्दल नाही. ती तक्रार त्या पेपरची नाही. त्यावरून डोळे झाकून सल्ले देणाऱ्यांची आहे, आणि त्यात मीही आले.

वहिनींचं काय झालं

त्यांना मी त्वचारोग विभागात घेऊन गेले. पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढून वाचल्या, मग पुन्हा एकदा वाचल्या. पीपीडीच्या जागी लाल, उठलेला चट्टा. डॉक्टरांनी कलप बंद करायला सांगितलं आणि बाजारातली काळी मेंदीही, कारण तीत अनेकदा हेच पीपीडी मिसळलेलं असतं. खऱ्या मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. "काळी" म्हटलं की घटकांची यादी वाचायची.

वहिनींना वाईट वाटलं ते केसांचं नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कंत्राट नवं व्हायचंय. पांढरं डोकं घेऊन उभी राहिले तर घेतील का?" याला माझ्याकडे पेपर नव्हता. अशी भीती खरी की खोटी हे मला माहीत नाही. पण दर महिन्याला खाज सोसून त्या कलप का लावत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. नुसता "बंद करा" हा सल्ला द्यायला सोपा असतो.

त्यांनी केस खांद्यापर्यंत कापले. पाला वाटून केलेली साधी मेंदी लावतात, तांबूस दिसतात. कंत्राट झालं. बाईंच्या रांगेत दोघी-तिघींनी विचारलं, कुठला रंग म्हणून. आदल्या रात्रीचं खोबरेल तेल चालू आहे, आणि कंगव्यात तुकडे कमी येतात असं त्या म्हणतात. हा एका बाईचा अनुभव, प्रयोग नव्हे. केस कापले, कलप थांबला, तेल लागलं, तीनही एकदम झालं, त्यामुळे श्रेय कोणाला ते सांगता येणार नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं. घरात जी कोणी कलप लावते किंवा लावतो, त्यांना आज विचारा: लावल्यावर खाज येते का? "हो, थोडी" असं उत्तर आलं तर तेल, पॅकेज, पेपर सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. केसांच्या ताकदीचं नंतर बघू.

पुढच्या वेळी पुन्हा मेंढी.